चांद्याचं लोढणं

राठोड सरांच्या टॉर्टच्या, म्हणजे अपकृत्य कायद्याच्या, तासाला कोणी डुलक्या घेत नसे, आणि ही काही साधी गोष्ट नव्हे. पुसदच्या त्या विधी महाविद्यालयात दुपारी पंखे बंद पडले की शिकवणाऱ्याचेच डोळे मिटायला लागत. सरांचं मात्र निराळं होतं. पुस्तकातला विलायतेचा खटला ते उचलून थेट पुसदच्या बाजारात आणून बसवत. हॉटेलवाल्यानं उकळत्या तेलाची कढई रस्त्यात मांडली, शेजाऱ्याच्या टाकीचं पाणी तुमच्या भिंतीत मुरलं, डॉक्टरनं दुखरा दात सोडून चांगला उपटला. बोला, झालं का अपकृत्य? पोरं हसत हसत शिकत. प्रेरणाही हसायची. त्या दिवशी सरांनी फळ्यावर ‘जनावरांमुळे होणारी हानी’ असं लिहिलं आणि प्रेरणाचं हसू थांबलं.

वाघ-अस्वल पाळणाऱ्याला कायदा काही विचारतच नाही, सर सांगत होते. तो जबाबदारच. पण बैल, म्हैस, कुत्रा ही घरची जनावरं. त्यांनी कोणाला मारलं तर कायदा मालकाला एकच गोष्ट विचारतो: हे जनावर मारकं आहे, हे तुला माहीत होतं का? माहीत असणं याला पुस्तकात सायंटर म्हणतात. माहीत असेल तर मग मालकानं दोर घट्ट धरला होता की सैल, याला काही अर्थ राहत नाही. माहीत नसेल, तर निष्काळजीपणा दाखवत बसा, आणि ते काही सोपं काम नाही.

प्रेरणाच्या शेजारी बसलेली साधना उभी राहिली. मालक तर माहीत नव्हतं असंच म्हणणार, मग सिद्ध कसं करायचं, असं तिनं विचारलं. अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं ही कशाला विचारते ते, म्हणून कोणी कुजबुजलंसुद्धा नाही. सर म्हणाले, जनावर आधी कोणाच्या अंगावर गेलं होतं का ते शोधायचं. मालकानं काही बंदोबस्त केला होता का ते बघायचं. ज्यानं बैलाच्या गळ्यात लोढणं अडकवलं त्यानं आपल्याच हातानं कबुली दिली. घरच्या माणसाची साक्ष मिळाली तर सोन्याहून पिवळं. “पण घरचं माणूस कायले सांगते?” सर शेवटी हसून म्हणाले आणि वर्गही हसला. प्रेरणा वहीत खाली मान घालून तीच ओळ पुन्हा पुन्हा गिरवत राहिली.

पोळ्याच्या दिवशी काय झालं ते गावानं पाहिलं. पोळ्याच्या आधी काय झालं ते भगवानरावांच्या घरालाच माहीत होतं, आणि प्रेरणा ही भगवानरावांची मुलगी.

पुसदहून उमरखेडच्या वाटेवर त्यांचं गाव. भगवानरावांचं वावर गावापासून दूर, नाल्याच्या पलीकडे. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. जुन्या जोडीतला एक बैल उन्हाळ्यात मेला, लाल्या एकटा उरला, म्हणून पेरणीच्या तोंडावर त्यांनी चांद्याला आणलं. कपाळावर पांढरा चांद, अंगानं भरलेला, कोळपणीच्या डवऱ्याला असा चाले की बघत राहावं. भगवानराव खूश होते. मग एका सकाळी त्यानं भगवानरावांनाच गव्हाणीशी दाबून धरलं. जनावर आहे, होतं कधी कधी, म्हणून त्यांनी सोडून दिलं. पुढं त्यानं प्रेरणाच्या आईला वैरणीच्या भाऱ्यासकट आडवं केलं, तेव्हा मात्र भगवानरावांनी बाभळीचा ओंडका तासला आणि त्याच्या गळ्यात अडकवला. चालताना तो पुढच्या पायांत आपटे, त्यामुळं चांद्याला धावता येईना. वावर नाल्यापलीकडे, तिकडं येतं कोण! बाहेर एका शब्दानं कोणाला सांगायचं नाही, असं भगवानरावांनी घरात बजावलं. मारका म्हणून एकदा नाव पडलं की त्या बैलाला बाजारात कुत्रं विचारत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी झाली. आईनं दोन्ही बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावली, पळसाच्या पानांनी शेकलं आणि रीतीप्रमाणं त्यांच्या कानाशी म्हटलं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” झालं, आवतन दिलं. दुसऱ्या दिवशी भगवानराव म्हणाले, लाल्याला एकट्याला तोरणाखाली नेतो, चांद्या वावरातच बरा. ते ऐकून आईचा चेहरा पडला. बोलली ती प्रेरणा. आवतन देऊन पाहुण्याला उपाशी ठेवायचं? तेही गळ्यात ओंडका बांधून? अर्धी जोडी तोरणाखाली उभी केली तर गाव काय म्हणेल? वकिलीला गेलेली पोरगी ती, तिच्यापुढं बापाचं काय चालणार! ते नको नको म्हणत राहिले आणि हिनं जाऊन स्वतःच्या हातानं लोढणं सोडलं. चांद्यानं तिचं मनगट चाटलं. “पाहा, किती गरीब आहे,” ती म्हणाली. भगवानरावांना हसू आलं आणि तिथंच ते हरले.

तोरण तुटेपर्यंत सगळं छान होतं. झडत्यांची गाणी झाली, डफडं वाजलं, शिंगांचा हिंगूळ उन्हात चमकला. तोरण तुटलं, पोळा फुटला आणि कोणीतरी फटाक्यांची लड लावली. बाकीचे बैल नुसते बिचकले. चांद्यानं भगवानरावांच्या हातातला कासरा हिसकला आणि विहाराकडच्या गल्लीत घुसला. तिथं साधनाची आई, सत्यशीलाबाई, आपल्याच घराच्या दारात, आपल्याच ओट्यावर उभी होती. पळायला वेळच मिळाला नाही. त्यानं तिला चौकटीशी चेचलं.

उजवा हात कोपरात मोडला. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण बोटं काही मिटेनात. आणि ही बाई गावातल्या निम्म्या बायांचे ब्लाउज शिवणारी. नवरा, भीमराज, वणीकडं कोळशाच्या ट्रकवर. घर चालायचं ते बाईच्या मशीनवर.

ओट्यावर पडल्या पडल्याच ती ओरडली होती, हा बैल मारका आहे, मी त्याचे डोळे पाहिले, मारका बैल गावात आणला यांनी. गाव गोळा झालं. तोवर चांद्या दमून उभा राहिला होता. भगवानराव धापा टाकत आले, त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि भर गावात महादेवाची आण घेतली, की हा बैल आजवर कोणाच्या अंगावर गेला नाही. सणाचा दिवस, नंदीच्या पाठीवर हात, वर महादेवाचं नाव. कोण अविश्वास दाखवणार? बाई दुखण्यानं बडबडते, असं लोकांनीच ठरवून टाकलं. भगवानरावांनी तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, डॉक्टर येईपर्यंत बाहेर उभे राहिले, आणि गावात आणखी चांगले ठरले. पंधरवड्यात चांद्या उमरखेडच्या बाजारात विकलाही गेला. विकताना घेणाऱ्याला काय सांगितलं, हे प्रेरणानं विचारलं नाही. तिला उत्तर नको होतं.

तर अशी ही गोष्ट, आणि तिच्या पुढ्यात राठोड सरांचा सायंटर!

तास सुटल्यावर दोघी बसस्टँडवर आल्या. साधनानं सरळ सांगितलं, की सर भरपाईची नोटीस लिहून द्यायला तयार आहेत. तिला भगवानरावांची भीती नव्हती. पण खोटं कोणाला कोर्टात ओढायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. ती अशीच होती. बारावीत मास्तरांनी चुकून जास्त दिलेले मार्क परत करून आलेली पोरगी.

“एकच सांग मले. चांद्या याच्याआधी कोणाच्या अंगावर गेलता का?”

प्रेरणाच्या डोळ्यांपुढं गव्हाणीशी दबलेले बाबा आले, भाऱ्याखालची आई आली. बस येत होती. हो म्हणायला एक शब्द लागतो आणि नाही म्हणायलाही एकच.

“नाही गं,” ती म्हणाली. “गरीब होता.”

साधनानं मोठा श्वास सोडला. तिचा चेहरा उतरला नाही, उलट मोकळा झाला. “बरं झालं बाई. मले वाटून राह्यलं होतं, तुले माहीत आहे अन् तू माह्यापासून लपवते. रोज तुह्याशी बोलताना तेच मनात ये.” तिनं प्रेरणाचा हात दाबला आणि बसमध्ये चढली. प्रेरणाला वाटलं, हिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कायदा शिकल्यानं माणूस खोटं बोलायचा थांबत नाही. फक्त आपल्या खोट्यामुळं समोरच्याचं नेमकं काय बुडालं, ते त्याला पुस्तकाच्या पानासकट कळतं. प्रेरणाला कळत होतं.

घरी येऊन तिनं बाबांना सांगितलं. साधनानं विचारलं होतं, मी नाही म्हटलं. “वकील होशीन तू,” भगवानराव म्हणाले आणि मायेनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना खरंच कौतुक वाटलं होतं. तो हात तिला डोक्यावर नकोसा झाला.

खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगीच नाही. कॉलेजच्या बसला जाताना साधनाचं घर लागे. ओट्यावरच्या मशीनवर कधी चादर पांघरलेली असे, कधी साधनाच पाय मारत बसलेली असे, आईनं शेजारी बसून सांगायचं आणि हिनं उसवायचं. बाया ब्लाउज शिवून घ्यायला शेजारच्या गावी जायला लागल्या होत्या. साधनाच्या नोट्समधून दोऱ्याचे तुकडे निघत. तरी ती प्रेरणाशी पहिल्यासारखी, पहिल्यापेक्षा जास्तच चांगली वागे. डब्यातलं काढून देई, चुकलेल्या तासाच्या नोट्स आठवणीनं आणून देई.

प्रेरणानं पुस्तक पालथं घातलं. मालकाची जबाबदारी होती, जनावर ताब्यात असणाऱ्याची होती. पण बाप नको म्हणत असताना ज्या पोरीनं हट्टानं लोढणं सोडलं, तिचं काय? तिच्यासाठी कुठं ओळ सापडेना. आधी तिला सुटल्यासारखं वाटलं. मग त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच किळस आली. चूक तिनं करावी आणि फेडायची झाली तर बाबांनी फेडावी, असला हा कायदा. सांगावं तर बाप अडकतो, न सांगावं तर ती बाई. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आईजवळ एकदा विषय काढला, तर आई म्हणाली, जे झालं ते झालं, आता घर मोडू नको. आणि तिनं तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला.

मग आला तो रविवार. प्रेरणा ओसरीत कपड्यांच्या घड्या करत होती, भगवानराव खाटेवर बसले होते. फाटक वाजलं आणि साधना आत आली, मागून सत्यशीलाबाई. हात गळ्यात बांधलेला, धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर. हात मोडल्यानंतर बाई या घरी पहिल्यांदाच येत होती. प्रेरणाला वाटलं, आल्या भांडायला, आणि खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. एकदाचं होऊन जाऊ दे.

बाई खाली सतरंजीवर बसली. भगवानरावांनी हाताची विचारपूस केली, तिनं बरं आहे म्हटलं. प्रेरणाच्या आईनं चहा टाकला. मग सत्यशीलाबाईनं साधनाकडं पाहिलं आणि साधनानं मान हलवली.

“भाऊ,” बाई म्हणाली, “त्या दिवशी मी भर गावात तुम्हाले बोलली. दुखणं होतं, तोंडाले आवर राहिला नाही. तेव्हापासून मी जो भेटला त्याले तेच सांगत गेली, बैल मारका होता म्हून. साधना म्हणे, आई, प्रेरणा माह्याशी खोटं बोलत नाही. मंग माह्याच डोळ्याचं चुकलं असन. तुम्ही मले दवाखान्यात नेलं अन् मी तुमची बदनामी केली. माफ करजा.”

आणि तिनं तो एकच चांगला हात जमिनीला लावून कपाळापर्यंत नेला.

आता बोला! चेचलेली बाई चेचणाऱ्याच्या दारी माफी मागायला आली होती, आणि तिला आणणारी होती तिचीच पोरगी. भगवानरावांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. त्यांनी घसा खाकरला. त्या वेळी ते काही वेगळं बोलतील अशी प्रेरणाला आशा होती, अगदी देवाला हात जोडावेत तशी आशा. ते म्हणाले, “जाऊ द्या वहिनी. सणावाराचं होते असं. माह्या मनात काही नाही.” आतून चहा घेऊन निघालेली आई ते ऐकून उंबऱ्यावरूनच परत फिरली.

प्रेरणाच्या हातातली घडी सुटली. इतके दिवस ज्याला शब्द सापडत नव्हते ते अगदी सोप्या शब्दांत बाहेर आलं.

“काकू, माफी मागू नका. चांद्या मारका होता. आमाले माहीत होतं.”

“प्रेरणा,” भगवानराव म्हणाले. एवढंच.

पण ती आता थांबणारी नव्हती. गव्हाणीचं सांगितलं, आईचं सांगितलं, ओंडक्याचं सांगितलं. बाबांनी बाजारासाठी लपवलं ते सांगितलं आणि बसस्टँडवर आपण खोटं बोललो तेही सांगितलं. बोलताना तिचं तिलाच रडू येत होतं आणि रडण्याचीही लाज वाटत होती, कारण रडायचा हक्क समोर बसलेल्या बाईचा होता.

सत्यशीलाबाई मात्र रडली नाही. ती आपल्या बांधलेल्या हाताकडं बघत बसली. “मंग माहे डोळे बरोबर होते,” ती हळूच म्हणाली. “इतले दिवस मी सोतालेच खोटी समजून राह्यली. तू म्हटलं म्हून.”

भगवानराव काही बोलायला गेले, पोरगी अभ्यासानं भांबावली आहे असं काहीतरी, पण वाक्य पुरं झालं नाही. साधना उठून प्रेरणाच्या समोर येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग असा दिसत नव्हता. तिनं राठोड सर विचारतात तसं एकेक विचारलं. ओंडका कोणी घातला? बाबांनी. का घातला? अंगावर जात होता म्हणून. पोळ्याला काढायचं कोणी ठरवलं?

“मी,” प्रेरणा म्हणाली. “बाबा नाहीच म्हणत होते. मीच हट्ट केला, मीच सोडलं. साधना, नोटीस माह्या नावानं काढ. जे काय व्हायचं ते माह्यावर होऊ दे.”

“तुह्या नावानं निघत नाही,” साधना म्हणाली. “बैल तुहा नव्हता. अन् तू आताच सांगितलं, काकाले माहीत होतं.”

“पण चूक माही आहे.”

“असन. मालक काका आहेत. तू साक्षीदार.” तिनं जरा थांबून विचारलं, “कोर्टात असंच सांगशीन? काका समोर उभे असताना?”

प्रेरणानं खाटेकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर जमलं नसतं. “सांगीन,” ती म्हणाली.

“मंग उद्या सरांकडे ये. माह्यासोबत येऊ नको, तुही तू ये.”

साधनानं आईला काखेत हात घालून उठवलं. प्रेरणा मदतीला वाकली तेव्हा साधनानं मधे खांदा घातला. दोघी मायलेकी फाटकातून बाहेर गेल्या, आणि बाईची पाठ आल्या वेळेपेक्षा ताठ होती. गल्लीच्या वळणापर्यंत दोघींपैकी कोणीही मागं वळून पाहिलं नाही.

ओसरीत बापलेक उरले. प्रेरणाला वाटलं, आता बाबा ओरडतील, हात उचलतील, घराबाहेर हो म्हणतील. त्यातलं काहीही ती निमूट सोसणार होती. भगवानराव खाटेच्या माचव्यावरून हात फिरवत बसले होते. ते बोलले तेव्हा आवाजात राग नावालाही नव्हता.

“मी म्हटलं होतं ना माय,” ते म्हणाले, “राहू दे त्याले वावरात.”